भातकापणीनंतर घरात शिरणारे उंदीर: कोकणातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

थंडीच्या दिवसांत घरातले उंदीर वाढतात हा अनुभव अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत सर्वांनाच आहे. परंतु त्याचे कारण थंडीत शोधले की उपायही उशिरा आणि चुकीच्या जागी होतात. रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १८ ते २० अंशांच्या आसपास असते. दापोलीच्या पठारावर ते बरेच खाली उतरत असले, तरी केवळ उबेसाठी उंदराने घर गाठावे अशी ती थंडी नव्हे. त्याला घराकडे लोटते ती भातकापणी. पावसाळाभर शेत, बांधावरचे गवत आणि गडग्यांवर माजलेले रान यांत त्याला अन्न आणि आडोसा दोन्ही मिळतात. हळवे भात ऑक्टोबरच्या सुमारास आणि गरवे भात नोव्हेंबरमध्ये कापले जाते, रान सुकते, आणि थोड्याच आठवड्यांत हे दोन्ही आधार जातात. नेमक्या त्याच वेळी आपण तेच धान्य घरात आणून ठेवतो, पेंढ्याची उडवी अंगणाच्या कडेला रचतो आणि मागच्या पडवीत सरपण भरतो.

म्हणून बंदोबस्ताची योग्य वेळ घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतची आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबलेल्या घरात उंदरांची पहिली वीण बहुधा झालेली असते. घरातल्या लहान उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा किंवा त्याहून अधिक पिल्ले देते, आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण देण्याजोगी होतात. दसऱ्याला घरात शिरलेल्या एका गाभण मादीचे शिमग्यापर्यंत काय होते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या लेखातील कामांचा क्रम मी मुद्दाम ठरवला आहे: ओळख, पाहणी, वाटा बुजवणे, अन्न काढून घेणे, सापळे, आणि अगदी नाइलाज झाला तरच विष. बहुतेक घरांत हा क्रम उलटा चालतो. पहिली लेंडी दिसताच दुकानातून विषाची पुडी येते, काही उंदीर मरतात, भोके तशीच राहतात आणि महिन्याभरात नवे उंदीर त्याच वाटेने येतात. गणपतीचे वाहन म्हणून उंदीर मारणे ज्यांना नकोसे वाटते, त्यांच्यासाठीही हाच क्रम सोयीचा आहे, कारण त्यातला मोठा भाग मारण्याचा नसून दार बंद करण्याचा आहे.

कोण आले आहे ते आधी ओळखावे

आपण सर्वांनाच उंदीर म्हणत असलो, तरी कोकणातल्या घराभोवती चार वेगळे प्राणी वावरतात आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिला घरातला लहान उंदीर. तो कपाटामागे, फळीवर, जुन्या कपड्यांच्या बोचक्यात राहतो. त्याच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान आणि टोकदार असतात. तो आपल्या घरट्यापासून फारसा लांब जात नाही; अन्न जवळ असेल तर काही मीटरांच्या टापूतच त्याचे आयुष्य जाते. दुसरा मोठा काळा उंदीर, ज्याची शेपटी धडापेक्षा लांब असते. तो उत्तम चढतो, माडावर राहतो, माळ्यावर राहतो, आणि रात्री कौलांखाली जी धावपळ ऐकू येते ती बहुतेक वेळा त्याचीच असते. माडाखाली देठाजवळ भोक पाडलेले कोवळे नारळ पडलेले आढळले, तर हा उंदीर वर मुक्कामाला आहे असे समजावे. माडाच्या झावळ्या कौलांना टेकत असतील तर त्याला घरात यायला जमिनीवर उतरण्याचीही गरज नसते.

तिसरी घूस. ती जमिनीत पोखरते, गोठ्याच्या कडेला, मोरीच्या मागे किंवा जोत्याच्या पायाशी मातीचा ढीग काढते आणि चिऱ्याच्या भिंतीखालची माती पोकळ करून ठेवते. तिच्यासाठी लहान उंदराचा चाप उपयोगाचा नाही. चौथी चिचुंद्री, आणि तिच्याविषयी येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. लांब निमुळते नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेकडेने पळताना येणारा चिकचिक आवाज आणि अंगाचा उग्र वास यांवरून ती ओळखता येते. ती उंदरांच्या कुळातली नाही. झुरळे, किडे, गांडुळे हा तिचा आहार आहे आणि कणगीतल्या भाताचे ती नुकसान करत नाही. घरात केवळ चिचुंद्री दिसत असेल तर विष किंवा चाप यांपैकी काहीही न लावता मोरीची जाळी नीट बसवावी आणि झुरळे कमी करावीत, तेवढे पुरते.

पाहणी: एक संध्याकाळ आणि एक सकाळ

संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी आणि नंतर आतून दुसरी. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिचा झोत भिंतीवरून तिरका टाकावा, म्हणजे दिवसा न दिसणाऱ्या खुणा दिसतात. उंदीर रोज एकाच वाटेने जातो आणि त्याच्या अंगाच्या तेलाने व मळाने त्या वाटेवर काळपट, तेलकट पट्टा उमटतो. वाशाच्या टोकाला, तुळईच्या कडेला, पाइपाच्या भोवती आणि दाराच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात हा पट्टा हमखास सापडतो. त्यावर बोट फिरवून पाहावे, अर्थात हातमोजा घालून: पट्टा मऊ आणि चिकट असेल तर वाट चालू आहे, कोरडा होऊन पापुद्रा निघत असेल तर जुनी आहे. लेंड्यांचेही तसेच आहे. ताज्या लेंड्या काळ्या, चकचकीत व मऊ असतात. जुन्या करड्या पडतात आणि काडीने दाबताच त्यांचा भुगा होतो.

शंका राहिली तर दोन साध्या परीक्षा आहेत. पहिली, संशयित वाटेवर रात्री चुलीची चाळलेली राख किंवा रांगोळीचा पातळ थर पसरावा. सकाळी पावले आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. दुसरी, प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवावा. सकाळी जो बोळा बाहेर पडला किंवा कुरतडला गेला असेल, ते भोक वापरात आहे. सापडलेले प्रत्येक भोक खडूने गोल करून ठेवावे, कारण गवंडी येईपर्यंत निम्मी भोके विसरली जातात.

भोकाच्या आकाराबद्दल लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे जिच्यात शिसपेन्सिल सरकते ती फट त्याच्या दृष्टीने उघडे दार आहे. मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटर लागतात. म्हणून पाहणीच्या वेळी एक पेन्सिल खिशात असावी आणि ती जिथे जिथे आत जाईल ती प्रत्येक जागा बुजवण्याच्या यादीत घालावी.

कौलारू घरात सर्वांत मोठी वाट वळचणीला असते. भिंतीचा माथा आणि कौलांची खालची ओळ यांच्यामध्ये, वाशा-वाशांच्या दरम्यान, सलग फटी असतात आणि त्या घराच्या चारही बाजूंनी फिरतात. त्याखालोखाल पाहायच्या जागा म्हणजे मोरीचा नळ, मागील दाराचा उंबरठा, विजेची वायर व पाण्याचा पाइप आत येतो ती भोके, एसी बसवताना किंवा काढताना राहिलेले छिद्र, फुटलेले किंवा सरकलेले कौल, आणि मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीतील झडलेल्या दरजा. जांभ्याचा दगड मुळातच सच्छिद्र असतो, पण उंदीर दगडातून येत नाही. दोन चिऱ्यांमधली माती पोखरून येतो.

वाटा बुजवणे

सगळ्या कामात मेहनत येथेच घालावी असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीचे उपाय दर वर्षी करावे लागतात. हे काम नीट केले तर बरीच वर्षे टिकते.

समुद्रकिनाऱ्यालगत सामानाची निवड विचारपूर्वक करावी लागते. देशावरच्या घरात साधी लोखंडी जाळी चालून जाते. खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात ती लवकर गंजते आणि बोटाने दाबली तरी तुटते. म्हणून जाळी स्टेनलेस स्टीलची, निदान चांगल्या जस्ताच्या मुलाम्याची असावी आणि तिचे भोक ६ मिलिमीटरपेक्षा लहान असावे. मच्छरांसाठी मिळणारी नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. फटी भरण्यासाठी हल्ली दुकानात फवाऱ्याचा फेस मिळतो. तो एकटा वापरला तर काही उपयोग होत नाही, कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडत राहावेच लागते. फेस, थर्माकोल, लाकडाची खपली, कापडाचा बोळा या सगळ्या गोष्टी त्याला अडथळा वाटत नाहीत.

लहान भोकांसाठी खात्रीचा उपाय असा: भांडी घासायची स्टीलच्या तारेची घासणी भोकात घट्ट कोंबावी आणि वरून सिमेंट-वाळूचा माल भरून गुळगुळीत करावा. तार स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. साध्या लोखंडी काथ्याचा एका पावसाळ्यात गंज होतो आणि भिंतीवर डाग उतरतो तो वेगळाच. घुशीच्या बिळांसाठी जुने गवंडी मालात फुटक्या काचांचे तुकडे मिसळतात. ही पद्धत आजही परिणामकारक आहे, मात्र ते काम जाड हातमोज्यांनीच करावे आणि मुले अनवाणी फिरतात अशा जागी वरचा थर निव्वळ मालाचा द्यावा. झडलेल्या दरजा खरवडून, सैल माती काढून, पाणी मारून मगच भराव्यात; सुक्या मातीवर मारलेला माल धरत नाही. मातीच्या जुन्या भिंतीला केवळ सिमेंटचा कडक माल लावला तर तो कालांतराने सुटतो, म्हणून अशा भिंतींत चुना मिसळलेला माल भरावा.

वळचणीच्या फटी मात्र मालाने बंद करू नयेत. कौलारू घराला वारा त्याच वाटेने मिळतो. ती वाट बंद केली तर माळ्यावर दमट हवा कोंडते, वाशांना बुरशी येते आणि वाळवीला आमंत्रण मिळते. तेथे वाशांच्या दरम्यान जाळीचे तुकडे मापाने कापून, कडा दुमडून, स्टेनलेस स्क्रूंनी बसवावेत. हे काम वेळखाऊ आहे आणि सुताराला ते कंटाळवाणे वाटते, म्हणून त्याच्याजवळ उभे राहून प्रत्येक गाळा पेन्सिलीने तपासावा. कौले परतण्याचे काम मे महिन्यात निघणारच असेल, तर जाळीचे काम त्याच वेळी करून घेणे सर्वांत स्वस्त पडते.

मागील दार हे दुसरे मोठे भगदाड. जुन्या दारांची फळी खालून कुजून किंवा कुरतडून आखूड झालेली असते. खालच्या कडेला दारात आणि उंबरठ्यात ६ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर राहील अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दोन्ही बाजूंनी ठोकावी. केवळ रबराची पट्टी लावू नये. मोरीच्या तोंडाला बिजागरीची जाळी असावी, म्हणजे कचरा काढता येतो आणि ती कायमची उघडी राहत नाही. पाण्याचा सापळा असलेली न्हाणी-जाळी बसवता आली तर उंदराबरोबर झुरळांचाही प्रश्न पुष्कळसा सुटतो. पाइपाभोवतीच्या भोकांत तार आणि माल भरावा.

घराबाहेरची कामेही याच टप्प्यात करावीत. कौलांवर झुकलेल्या आंब्याच्या, फणसाच्या फांद्या निदान एक मीटर अंतर राहील इतक्या छाटाव्यात. छपरावर चढलेली मधुमालती कितीही सुंदर दिसत असली, तरी ती मोठ्या उंदराची शिडी आहे. सुट्या माडाच्या बुंध्याला जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर ३० ते ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर उंदराला चढता येत नाही. शेजारशेजारच्या माडांच्या झावळ्या एकमेकांत गुंतलेल्या असतील तर एकाच माडाला पत्रा लावून काहीही साधत नाही; सगळ्यांनाच लावावा लागतो.

एक खबरदारी महत्त्वाची आहे. आत उंदीर असताना सर्व वाटा एकाच दिवशी बंद केल्या, तर ते आतच कोंडतात, वाट काढण्यासाठी दारे-वायरी कुरतडतात आणि भिंतीच्या पोकळीत मेले तर दुर्गंधी काही आठवडे जात नाही. म्हणून खडूने खूण केलेल्या भोकांपैकी सर्वांत वापरातले एक भोक तेवढे मोकळे ठेवावे, बाकीची बंद करावीत, त्या एका वाटेच्या दोन्ही बाजूंना सापळे लावावेत, आणि कागदाचा बोळा सलग तीन-चार रात्री जागचा हलला नाही की शेवटचे भोकही बुजवावे.

धान्य, सरपण आणि स्वयंपाकघर

बांबूची कणगी शेणामातीने कितीही सुबक लिंपलेली असली, तरी ती उंदराला अडवत नाही. ती पोटाशी, जमिनीलगत पोखरली जाते, आणि भात खाली बसू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. शक्य असेल त्यांनी वर्षाचे धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे. कणगीच ठेवायची असेल तर ती लाकडी पाटावर, भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून किमान दोन-अडीच फूट उंच असावी आणि पाटाच्या प्रत्येक पायाला पत्र्याचा पालथा शंकू बसवावा. भिंतीपासूनचे अंतर केवळ हवेसाठी नसते. उंदराला भिंतीच्या आडोशाने चालायला आवडते आणि मोकळी जागा ओलांडताना तो बिचकतो. बियाण्यासाठी पेंढ्यात बांधलेल्या मुड्या आढ्याला टांगायच्या असतील तर दोरी सरळ तुळईला न बांधता मध्ये गुळगुळीत पत्र्याची चकती घालावी. काजूच्या बिया, सुके खोबरे, सोडे, सुकट, बोंबील यांना घट्ट झाकणाचे डबे लागतात. प्लॅस्टिकच्या डब्यांना उंदीर कडेने भोक पाडतो, म्हणून पत्रा, स्टील किंवा काचच वापरावी.

पेंढ्याची उडवी घराच्या भिंतीला टेकवून रचण्याची सवय मोडावी. लहान उंदीर आपल्या घरट्यापासून फार दूर फिरत नसल्यामुळे, उडवी घरापासून पंधरा-वीस पावले लांब नेली तरी मोठा फरक पडतो. सरपण जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर किंवा फळीवर आणि भिंतीपासून सुटे रचावे. पातेरा, नारळाच्या करवंट्या, फाटकी पोती यांचा ढीग पडवीत राहू देऊ नये. ही कामे करताना हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे, कारण उंदरामागे साप येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरशाचे प्रमाण मोठे आहे. ते आकाराने लहान, रंगाने मातीशी मिळतेजुळते आणि विषारी असते.

स्वयंपाकघरात रात्रीचे नियम थोडे पण काटेकोर असावेत. उष्टी भांडी पाण्यात बुडवून ठेवणे पुरेसे नाही; ती धुऊनच झोपावे. कुत्र्या-मांजराची ताटली आणि कोंबड्यांचे दाणे रात्री उचलावेत. उंदीर साबणसुद्धा खातो. देवघरातला नैवेद्य आणि निरांजन यांकडे विशेष लक्ष द्यावे: तुपात भिजलेली वात उंदीर उचलून माळ्यावर नेतो, आणि ती विझलेली नसेल तर लाकडी घराला आग लागू शकते. रात्रीचा दिवा काचेच्या आवरणात ठेवावा किंवा झोपताना शांत करावा. शेगडीची गॅसची रबरी नळी आठवड्यातून एकदा हाताने चाचपून पाहावी. आत तारेची गुंफण असलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरावी आणि तीही पाच वर्षांनी बदलावी.

सापळे

लाकडी चाप आणि तारेचा पिंजरा ही दोन साधने पुरेशी आहेत. लहान उंदरासाठी चाप अधिक चांगला, कारण तो क्षणात मारतो. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचे पुढे काय करायचे हा प्रश्न राहतोच. त्याला पाणंदीच्या टोकाला सोडला तर तो शेजाऱ्याच्या घरात जातो किंवा स्वतःच्याच घरी परत येतो, आणि बादलीत बुडवणे क्रूरपणाचे आहे. ज्यांना मारायचे नाही त्यांनी तो वस्तीपासून खूप दूर, ओढ्यापलीकडच्या रानात सोडावा आणि पिंजरा रोज सकाळी तपासण्याचा नियम पाळावा.

चाप नेहमी भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा. एखादाच चाप लावून वाट पाहण्यात अर्थ नाही. तेलकट पट्टा दिसलेल्या वाटेवर दोन-दोन मीटरांवर पाच-सहा चाप एकाच रात्री लावावेत. आमिष वाटाण्याएवढे पुरते. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा, भज्याचे टोक, सुकटीचा एखादा तुकडा किंवा गुळात मळलेले शेंगदाण्याचे कूट यांपैकी जे घरात उंदीर आधीच शोधत असेल ते ठेवावे. सुटा तुकडा तो चाप न उडवता अलगद उचलतो, म्हणून आमिष दोऱ्याने बांधावे.

लहान उंदीर नव्या वस्तूकडे कुतूहलाने येतो. मोठा उंदीर नेमका उलट: नवी वस्तू दिसली की काही दिवस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. त्याच्यासाठी चाप तीन-चार रात्री न ताणता, नुसते आमिष घालून ठेवावेत, आमिष खाल्ले जाऊ लागले की मग सर्व चाप एकाच रात्री ताणावेत. घुशीसाठी मजबूत तारेचा मोठा पिंजराच लागतो आणि तो बिळाच्या तोंडाशी ठेवावा.

चिकट फळ्या वापरू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. त्यावर अडकलेला प्राणी तासन् तास तडफडतो, शिवाय पाली, चिचुंद्र्या आणि लहान पक्षीही त्यात सापडतात. भारतीय पशू कल्याण मंडळानेही या फळ्यांच्या विरोधात भूमिका घेतलेली आहे. कानाला ऐकू न येणारा आवाज करणारी विजेची यंत्रे, डांबराच्या गोळ्या, कापूर यांवर पैसे घालवू नयेत. उंदीर त्यांना लवकरच सरावतो.

विषाविषयी

ज्या घरात लहान मूल, मांजर, कुत्रा किंवा कोंबड्या आहेत, त्या घरात विष आणूच नये. काळ्या भुकटीच्या रूपात मिळणारे झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन वायू तयार करते आणि त्यावर उतारा नाही. पेस्टच्या रूपात मिळणारा पिवळा फॉस्फरस यकृत निकामी करतो. सुरुवातीला रुग्ण बरा दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी खालावतो, म्हणून ते विशेष घातक आहे. यांपैकी काहीही स्वयंपाकघराच्या आसपास असू नये. झिंक फॉस्फाइडची आणखी एक अडचण अशी की, थोडे खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठणे थांबवतात आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. वापरायच्याच असतील तर त्या कुलूपबंद आमिष-पेटीत, गोठ्याच्या किंवा गोदामाच्या बाहेरच्या बाजूस, तारेने बांधून ठेवाव्यात, आणि मेलेले उंदीर रोज शोधून पुरावेत. विष खाल्लेला सुस्त उंदीर मांजर, धामण आणि गव्हाणी घुबड यांच्या तोंडी सहज पडतो. उंदरांना खऱ्या अर्थाने आवरणारे हेच प्राणी आहेत. त्यांना मारून उंदीर कमी होणार नाहीत. साप आणि घुबडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे.

कोणी चुकून विष खाल्ले तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी किंवा दूध पाजू नये, लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून विषाच्या पाकिटासह थेट रुग्णालय गाठावे, कारण उपचार विषाच्या प्रकारावर अवलंबून असतात. ब्रोमॅडिओलोनवर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन असते, इतर दोन्हींवर ते चालत नाही.

साफसफाई आणि आजार

लेंड्या आणि मूत्र पडलेली जागा केरसुणीने कोरडी झाडू नये. धूळ उडून श्वासात जाते. आधी खिडक्या-दारे अर्धा तास उघडी ठेवावीत, तोंडावर मास्क आणि हातांत रबरी मोजे घालावेत, घरगुती ब्लीचचा एक भाग दहा भाग पाण्यात मिसळून तो जागेवर शिंपडावा, दहा मिनिटे थांबावे आणि मग ओल्या फडक्याने पुसून फडके फेकून द्यावे. मेलेला उंदीर दुहेरी पिशवीत उचलून विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरावा.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात व पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात. कोकणात हा आजार मुख्यतः पावसाळ्यात आणि भातशेतीच्या कामांच्या वेळी आढळतो. तरी गोठा, मोरी आणि ओलसर पडवी साफ करताना पायांत गमबूट असावेत आणि जखमा झाकलेल्या असाव्यात. ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि घरात उंदीर असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. उंदीर चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

बंद घरे

गौरी-गणपतीला उघडलेले चाकरमान्याचे घर विसर्जनानंतर बंद होते ते थेट शिमग्याला किंवा मे महिन्यात उघडते, आणि भातकापणीचा सगळा काळ त्यात कोणी नसते. उंदरांसाठी याहून निवांत जागा नाही. कुलूप लावण्यापूर्वी सणाचे उरलेले तांदूळ, पिठे, नारळ, वाती, मेणबत्त्या, साबण यांतले काहीही मागे ठेवू नये. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवावे आणि मेन स्विच बंद करावा, म्हणजे वायर कुरतडली गेली तरी आग लागणार नाही. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवावा. गाद्या-गोधड्या जमिनीवर न ठेवता तारेवर टांगाव्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत भराव्यात. महत्त्वाची कागदपत्रे आणि सातबाऱ्याच्या जुन्या प्रती कपाटात न ठेवता सोबत न्याव्यात. संडासाच्या भांड्याचे झाकण लावून त्यावर वजन ठेवावे आणि मोरीच्या सापळ्यातले पाणी आटू नये म्हणून त्यावर थोडे खोबरेल तेल ओतावे. शेजारी किंवा नातेवाईक गावात असतील तर दिवाळीनंतर एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा घर उघडून पाहण्याची विनंती त्यांना करावी. कशाकडे पाहायचे तेही सांगून जावे: खडूने खूण केलेल्या जागा, कोठीच्या खोलीची जमीन, आणि उंबरठ्याच्या आतल्या बाजूला जाताना पसरून ठेवलेली राखेची पट्टी. त्या राखेवर पावले उमटली असतील तर चाप त्याच दिवशी लावावेत. शिमग्यापर्यंत थांबू नये.